शेळीचा आवाज येतो, सुनेचा येत नाही

"माझा आवाज येतोय का?" या एका वाक्यावर माझं दुकान चालतं. मीटिंगमध्ये बसलेल्या माणसानं हे एकदा विचारलं तर ठीक. दुसऱ्यांदा विचारलं की त्याचा चेहरा पडतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात असतो.

दुकान म्हणजे हिंगोलीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीतला एक गाळा. अर्ध्या भागात आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, अर्ध्या भागात मी. टेलिफोन खात्यात मी ऑपरेटर म्हणून लागले होते, तिथूनच निवृत्त झाले. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा ह्यांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकली. मोबाइलची कव्हरं विकायचा साधा बेत होता. पण बघता बघता सगळं जग मीटिंगमध्ये जाऊन बसलं, ज्याला त्याला कानात काहीतरी घालावं लागलं, आणि ते चालेनासं झालं की लोक माझ्याकडे यायला लागले. पाटीवर भाचीच्या हौसेनं भलतंच नाव रंगवलंय. लोक 'हेडफोनवाल्या बाई' म्हणतात. मला ते बरं वाटतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बिनवायरचा हेडसेट आणि फोन यांच्यामध्ये हवेतून एक वाट असते, आणि ती अरुंद असते. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर सगळी वाट गाण्याला मिळते, म्हणून गाणं गोड लागतं. मीटिंग सुरू झाली की त्याच वाटेनं तुमचा आवाज उलट दिशेनं जायला लागतो. मग दोघांनाही अंग चोरून चालावं लागतं. म्हणून कितीतरी लोक तक्रार घेऊन येतात, "बाई, गाण्याला झकास चालतो, मीटिंगला बसलो की माणसं डब्यातून बोलून राहिली." तो बिघाड नसतो, ती त्या यंत्राची रीत असते. कॉम्प्युटरवर तर पुष्कळदा एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एक नुसतं ऐकायचं, एक ऐकण्या-बोलण्याचं. माणूस भलत्या नावावर बोट ठेवतो आणि मुका होतो. निम्मी गिऱ्हाइकं इथंच बरी होऊन जातात. त्यांना वाटतं बाईंनी जादू केली. मी काही त्यांचा गैरसमज दूर करायला जात नाही.

उरलेल्या निम्म्यांत मजा असते.

वसमतचे एक हळदीचे व्यापारी आहेत. त्यांच्या आई एकदा लेकीकडे हिंगोलीला आल्या होत्या, त्या सहज दुकानात आल्या. हातात जुना मोबाइल. म्हणाल्या, "बाई, माजा फोन मुका व्हतो. शिरेल लावली की चित्र हालतं, तोंडं हालत्यात, आवाज न्हाई. मंग घटकाभरानं आपलं आपुन बोलाया लागतो." मी फोन उलटासुलटा करून पाहिला. दुकानात तो फोन खणखणीत बोलत होता. म्हातारीला वाटलं असणार, ही काय करणार! गेल्या बिचाऱ्या.

पुढच्या आठवड्यात चिरंजीव आले. कानातली दोन बटणं माझ्यापुढं ठेवली आणि गाळ्यात दुसरं कोणी नाही हे बघून हळूच म्हणाले, "ताई, तुमी हसू नका. परवा मीटिंगमध्ये दक्षिणेकडचे खरेदीदार होते. दराची बोलणी ऐन रंगात आली आन माझ्या कानात एक बाई रडायला लागली. म्हणे, 'या घरात आता माझं कोणीच नाही!' मी दचकून 'काय झालं?' म्हणालो, ते सगळ्यांनी ऐकलं."

मी हसले नाही. म्हणजे तोंड दाबून बसले. मग विचारलं, "तुमचा जुना फोन आईंना दिला का?"

"व्हय. नवा घेतला तवा दिला. काहून?"

कोडं सुटलं. त्या बटणांना जुना धनी विसरता येत नव्हता. मायलेक एका घरात असले आणि माउलीनं मालिका लावली की बटणं पहिल्या मालकाकडं धाव घ्यायची. माय मुकी मालिका बघायची आणि लेक मीटिंगमध्ये बसून सुनेचं रडणं ऐकायचा. मी जुन्या फोनमधून ती ओळख पुसायला सांगितली. व्यापाऱ्यांनी तिथूनच आईला फोन लावला, "माय, तुजा फोन मुका न्हाई ग. तुजी शिरेल माज्या कानात येऊन राहिली व्हती." पलीकडून म्हातारी काय म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाली, "मंग कालच्याला काय झालं ते सांग, माजं ऐकायचं राहिलं."

असली गिऱ्हाइकं आली की दिवस चांगला जातो.

सगळेच दिवस तसे नसतात. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला राहणारे एक निवृत्त कालवा निरीक्षक माझ्याकडे यायचे. सरळ, नीटनेटके, सदऱ्याला कायम इस्त्री. मुलगा दूरच्या मोठ्या शहरात. रविवारी सकाळी सगळं कुटुंब मीटिंग लावून एकमेकांना भेटायचं असा त्यांनी नेम घातला होता. पण थोडं बोलणं झालं की मुलगा म्हणायचा, "बाबा, तुमचा आवाज तुटतोय. ठेवतो, पुढच्या रविवारी बोलू." म्हणून ते हेडसेट घेऊन माझ्याकडे यायचे. मी बॅटरी पाहिली, सेटिंग पाहिलं, दुकानातून मीटिंग लावून पाहिली. आवाज असा स्वच्छ, की धरणाच्या दारांतून पाणी किती सुटलं ते नुसतं ऐकून कळावं. मी दुसरा हेडसेट दिला. पुढच्या वेळी तीच तक्रार.

एकदा ते स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, "कालव्यात पाणी येईना झालं की आमी काय करायचो सांगू का ताई? शेवटापासून उलट वर चालत जायचो. कुठंतरी कुणीतरी आडवलेलं असायचं." मी म्हणाले, "तिकडचं नेटवर्क असंल, साहेब. मोठ्या शहरात गर्दी असते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाले, "गर्दी लै असती तिकडं." हेडसेट डब्यात ठेवला, डबा पिशवीत ठेवला. त्यानंतर ते आले नाहीत. या धंद्यात मला ज्यांना हात लावता आला नाही अशा तक्रारी थोड्या आहेत, त्यातली ही एक अजून मनात राहिली आहे.

आता ज्योतीची गोष्ट सांगते. हा लेख लिहायला बसले ते खरं तर तिच्यासाठीच.

ज्योती सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या बाजूला एका तांड्यावरची सून. कृषी शाखेची पदवीधर. लग्नानंतर घरी बसून करता येईल असं काम तिनं शोधून काढलं होतं. शेतकऱ्यांना पिकांचा सल्ला देणारी एक कंपनी होती. गावोगावचे शेतकऱ्यांचे गट मोबाइलवर मीटिंगला जमायचे आणि ज्योतीनं त्यांना कपाशी, सोयाबीन, हळद यांच्यावरची कीड-रोगराई समजावून सांगायची. कंपनीनं लॅपटॉप दिला होता, बिनवायरचा हेडसेट दिला होता. नोकरी अजून पक्की नव्हती. आधी काही महिने काम बघणार आणि मग ठरवणार.

ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "ताई, मला सगळ्यांचं ऐकू येतं. माझंच कुणाला ऐकू जात नाही. शब्द मधूनच गायब होतात म्हणतात."

मी तिला दुकानातच मीटिंग लावायला लावली. आवाज उत्तम. अगदी आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात असा. मी म्हणाले, तुमच्याकडचं नेटवर्क असेल. ती म्हणाली, नेटवर्क बरं आहे, चित्र कुठं अडकत नाही. हेडसेट तिच्या मोबाइललाही जोडलेला होता, ती जोडणी तोडली. तांड्यावर जाऊन तिनं फोन केला, "तसंच होऊन राहिलंय." मग मी तिला माझ्याकडचा चांगला हेडसेट वापरायला दिला. त्याच्यातही तेच. दुकानात बोलतो, तांड्यावर मुका होतो. मला आधी पत्र्याचा संशय आला, मग विजेच्या तारांचा. मनातल्या मनात त्या बिचाऱ्या घरावर सगळे आरोप ठेवून झाले.

एके दिवशी सकाळी दुकान उघडता उघडता ती आली. दोन्ही हेडसेट काउंटरवर ठेवले. रडली नाही. शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी मोठी मीटिंग हाय, ताई. बऱ्याच जिल्ह्यांतले गट येणार. गुलाबी बोंडअळीवर मी बोलायचं. वरचे सर म्हणाले, यावेळीही आवाज गेला तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. ते तरी काय करतील? शेतकऱ्यांना ऐकूच आलं नाही तर कशाला बसतील? तुमी हे ठेवून घ्या. माझ्याच्यानं होत न्हाई."

चाळीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांपर्यंत पोचवण्यात घालवली, आणि ही शिकलीसवरलेली पोरगी माझ्यापुढं मुकी होऊन उभी. मी म्हणाले, "आज मी येते तुझ्या घरी."

तिचा नवरा मालवाहू टेम्पो चालवतो. त्या दिवशी तो खताच्या गोण्या न्यायला हिंगोलीत आला होता. त्याच टेम्पोत पुढं दाटीवाटीनं बसून आम्ही निघालो. निघताना मी ह्यांना सांगितलं, "मी तिथून मीटिंग लावते. तुम्ही दुकानातून आत या आणि काय ऐकू येतं ते फोनवर सांगा." ह्यांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि मान हलवली. हे मुळात अल्पाक्षरी. घड्याळवाल्याला एवढंच जमतं.

ज्योतीच्या नवऱ्यानं आम्हाला दारात सोडलं आणि तो गोण्या उतरवायला पुढं गेला. घर साधं, स्वच्छ सारवलेलं. पुढं ओसरी, ओसरीत बाजेवर सासरे दोर वळत बसलेले. अंगणात चार-दोन शेळ्या बांधलेल्या. सासूनं हात धुवायला पाणी दिलं, चहा ठेवला. सासऱ्यांनी मला रामराम केला. ज्योती ओसरीतून आत जाताना पदर सावरून, भिंतीला घसटून गेली. दुकानात माझ्याशी ताठ मानेनं बोलणारी पोरगी हीच का, असं मला वाटलं. पण ते तेवढ्यापुरतंच. माझं सगळं लक्ष विजेच्या वायरींकडे होतं.

आतल्या खोलीत लोखंडी पेटीवर लॅपटॉप. तिनं हेडसेट घातला. मी म्हणाले, "रोज करतेस तसंच कर. मी इथं नाही असं समज." तिनं खोलीचं दार लावून घेतलं, भिंतीकडं तोंड केलं आणि सुरुवात केली. म्हणजे ओठ हलायला लागले. मी तिच्या शेजारी बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

इतक्यात माझा मोबाइल वाजला. दुकानातून हे बोलत होते.

"शेळी ओरडून राहिली."

"ते असू द्या. ज्योती ऐकू येते का?"

"न्हाई. शेळीचा आवाज बराबर येतो. पोरगी कुठाय?"

मी मोबाइल कानाला तसाच धरून बसले. डोक्यात लख्ख उजेड पडला.

नव्या हेडसेटमध्ये आणि मीटिंगमध्ये आजूबाजूचा गोंगाट कापायची सोय असते. पंखा, मिक्सर, ट्रॅक्टर, वारा. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचं छाटायचं असं त्या सोयीला शिकवलेलं. पण माणूस नुसत्या श्वासावर, कुजबुजत बोलायला लागला की त्या आवाजाला काही धारच राहत नाही. यंत्राला तो वाऱ्यासारखा वाटतो. ते इमानदारीनं तो कापून टाकतं. शेळीचं ओरडणं मात्र गळ्यातून आलेलं, उघडं, सुरातलं. यंत्र म्हणतं, हे माणूस दिसतंय, जाऊ द्या. शेळी सगळ्या जिल्ह्यांत पोचत होती आणि कृषी पदवीधर सून भिंतीपाशी संपत होती.

मी ती सोय बंद केली. हे म्हणाले, "आता पोरगी येती. पण लै खोलातून. आन तिच्यासंगट सगळा तांडा येतो." म्हणजे यंत्राचा दोष नव्हताच. सोय पुन्हा चालू केली, हेडसेट तिच्या डोक्यावरून काढला आणि विचारलं, "ज्योती, इतकं हळू काहून बोलतेस?"

तिनं नुसते डोळे दाराकडं फिरवले. ओसरीकडं. "मामा बसलेत."

"मग?"

"त्यांच्यापुढं आवाज कसा चढवायचा?"

"ते काही म्हणाले का तुला?"

"म्हणायला कशाला पायजे?"

तिला मी काय सांगणार होते? एक्स्चेंजमध्ये मी "हिंगोली बोलतेय" म्हणाले की परभणीचा ऑपरेटर कानापासून रिसीव्हर लांब धरायचा. आणि घरी आल्यावर, सासऱ्यांना चहा हवा का हे मी लेकाच्या तोंडून विचारायची. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. ते वातावरणातच असतं, पाण्यातल्या क्षारासारखं. दिसत नाही आणि भांड्यावर थर धरतं.

दार ढकलून सासू चहा घेऊन आली; ज्योती तिला 'याडी', म्हणजे आई, म्हणते. तिनं आमचे चेहरे पाहिले. "काय झालं? मशीन बिघाडलं का?"

मी म्हणाले, "मशीन चांगलंय, आजी. सूनबाई मोठ्यानं बोलत नाही, म्हणून पलीकडं ऐकू जात नाही."

म्हातारीनं चहाचे पेले खाली ठेवले आणि कमरेवर हात ठेवले. "मोठ्यानं बोलायचं असतं का त्याच्यात? मंग ही रोज दार लावून, भिताडाकडं तोंड करून खुसरफुसर काहून करती? आमाला वाटलं माहेरी फोन लावून आमची गाऱ्हाणी सांगती. म्हातारा तर इचारात पडलाय. जेवताना बोलना झाला. मला म्हनतो, आपलं काय चुकलं पोरीशी?"

ज्योतीचं तोंड उघडंच राहिलं. "याडी, मी कापसाचं सांगत होते!"

"कापसाचं? कुनाला?"

"शेतकऱ्यांना."

"आन आपल्या घरात भाईर बसलाय तो कोन हाय? त्याला सांगितलं का कदी?"

म्हातारीनं दार सताड उघडलं आणि ओसरीकडं बघून त्यांच्या बंजारा बोलीत भराभर काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'कापूस' तेवढा कळला. बाहेर दोर वळायचा आवाज थांबला. मग बाज सरकवल्याचा करकर आवाज आला. ज्योतीनं माझा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मामा उठून निघाले.

सासऱ्यांनी बाज दाराच्या अगदी जवळ ओढली होती. दाराकडं पाठ करून ते बाजेवर बसले, म्हणजे सुनेकडं बघणं नाही, सुनेला संकोच नाही. आणि अंगणाकडं बघत, बायकोला सांगितल्यासारखं म्हणाले, "बोल म्हनावं तिला. मलाबी ऐकू दे."

सासू शेळ्या सोडून घरामागं बांधायला गेली. मी हेडसेटचा माइक ज्योतीच्या तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्यापाशी आणला. पुढं धरला की श्वास त्याच्यावर आदळतो. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं वाक्य लटपटलं. दुसरं जरा सरळ झालं. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री फिरतो, अंडी घालतो, हे सांगायला लागली आणि मग ती आमच्या दुकानात बोलायची तशी बोलायला लागली, पोटातून, भरल्या गळ्यानं. दारातल्या त्या पाठीवरचा सदरा मला दिसत होता. म्हातारा जरा पुढं वाकला होता, एक कान दाराकडं करून.

ह्यांचा फोन आला. "आता कोन बोलतंय हे?"

"तीच."

"बराबर," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मी ज्योतीला विचारून त्या मीटिंगमध्ये गुपचूप जाऊन बसले. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. ह्यांनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं, हे विशेष. पडद्यावर चौकोनच चौकोन. कोणी झाडाखाली, कोणी दुकानात, एकजण तर बैलगाडीत. वरच्या सरांनी ओळख करून दिली आणि ज्योती बोलू लागली. मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे कुठं लावायचे, हिरवी बोंडं फोडून आत कसं बघायचं, डोमकळी म्हणजे काय. पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहिलं, की समजायचं आत अळी बसली. एक शब्द तुटला नाही.

सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" एक-दोघांनी किरकोळ विचारलं. आणि मग एक जाड, खरखरीत आवाज आला.

"आळी बोंडात शिरल्यावर फवारून काय उपेग? ती तर आत बसून राहिली."

सर चौकोन शोधू लागले. "कोण बोललं? हात वर करा. खूप चांगला प्रश्न आहे."

कोणाचाच हात वर नाही. पडद्यावर ज्योतीचा चेहरा लाल झाला होता. आवाज तिच्याच माइकमधून आला होता. आता ही काय करणार? माफी मागणार, माइक बंद करणार?

"सर, माझे सासरे आहेत," ती म्हणाली. "शेतकरी आहेत." मग तिनं मान वळवली, आणि सासूला नाही, नवऱ्याला नाही, सरळ दाराकडं बघून म्हणाली, "मामा, तुमी म्हणता ते खरंय. आत शिरल्यावर औषध पोचत न्हाई. म्हणून तर आधीच डोमकळी दिसली की तोडायची आन नष्ट करायची. फुलातच धरायची तिला."

"आपल्या वरल्या वावरात हायेत तसल्या कळ्या."

"मग उद्या सकाळी जाऊ. मी दाखवते."

"बरं," तो आवाज म्हणाला.

त्यानंतर मीटिंगला धार चढली. बैलगाडीतला गडी म्हणाला, आमच्याकडंही तसल्या कळ्या आहेत, आम्हाला वाटलं पाण्याचा ताण. दुसरा म्हणाला, आजोबा, आणखी विचारा. ठरलेली वेळ संपून गेली तरी कोणी उठेना. सरांनी शेवटी काय म्हटलं ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण ह्यांनी मधेच "चहा सांगू का?" असं विचारलं. हे आपणहून चहाचं विचारणारे नव्हेत.

ज्योतीची नोकरी पक्की झाली. तिनं फोन केला तेव्हा आधी वरच्या वावराची बातमी दिली आणि मग नोकरीची. तिघांनी मिळून कळ्या तोडल्या होत्या, सासू पुढं, सासरे मागं. घरातलं बोलणं एकदम मोकळं झालं असं काही नाही. मामा अजून तिच्याकडं थेट बघत नाहीत, तीही पदर सावरतेच. पण मीटिंग असली की बाज दारात येते. आसपासचे दोन-चार जण ओसरीत येऊन बसतात. दार उघडं असतं.

मध्ये एकदा दुपारी दुकानासमोर एक म्हातारा थांबला. डोक्याला रुमाल, हातात कापडाची पिशवी. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. ज्योतीचे सासरे एकटे एसटीनं आले होते. पिशवीतून उपरण्यात गुंडाळलेला हेडसेट काढून त्यांनी काउंटरवर अलगद ठेवला, टोपलीत अंडं ठेवावं तसा.

"काय तकलीफ हाय, मामा?" मी विचारलं.

"पोरीचा आवाज जरा बारीक येऊन राहिला. परवाच्या मीटिंगीत कुनीतरी म्हनलं. आज तिला काम हाय, म्हनून मीच आलो."

मी भिंगाखाली पाहिलं. माइकच्या बारक्या भोकात कापसाचे तंतू जाऊन बसले होते. मऊ ब्रशनं ते काढले, हेडसेट दुकानातल्या फोनला जोडला आणि म्हणाले, "आता बघायला पाहिजे. घाला कानावर आन बोला काहीतरी."

त्यांनी रुमाल काढला. हेडसेट डोक्यावर चढवला. माइक तोंडाच्या कोपऱ्यापाशी आणला, मी न सांगता. काय बोलावं याचा जरा विचार केला. मग खाकरले आणि पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हॅलो. मी ज्योतीचा सासरा बोलतो."